रक्तदाबाची औषधे आणि लघवीवरील ताबा

रक्तदाबाच्या काही औषधांमुळे लघवी रोखणे अवघड जाते किंवा ती नकळत सुटते. वैद्यकात याला मूत्र-असंयम म्हणतात. वयाचा भाग म्हणून ही तक्रार गिळून टाकली जाते, पण पुष्कळदा औषध बदलल्याने ती कमी होते.

अल्फा-रोधक औषधे (प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन) रक्तवाहिन्या सैल करतात, तसाच मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायूही सैल करतात. त्यामुळे बायकांना शिंकताना, हसताना, हंडा उचलताना थेंब गळतात. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना मात्र याच गुणाने लघवी मोकळी होते.

एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांचा मूत्राशयाशी थेट संबंध नाही, पण त्यांनी काहींना कोरडी ढास लागते आणि प्रत्येक ढासेसरशी पोटावर दाब येतो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईला तंबाखूच्या धुळीने आधीच खोकला असेल, तर गोळीकडे संशय जातच नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टनने असा खोकला क्वचितच येतो.

ॲम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. दिवसभर पायांत उतरलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि दोन-तीनदा उठावे लागते.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांपैकी फ्युरोसेमाइडचा जोर साधारण ६ तास राहतो. म्हणून ती सकाळी घेतात. पण सकाळीच विड्या जमा करायला कारखान्यात जायचे, वाटेत स्वच्छतागृह नाही, मग गोळी तरी चुकते नाहीतर पाणी तरी तोडले जाते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात ही गोळी घेऊन पाणी तोडणे धोक्याचे आहे: रक्तदाब एकदम उतरतो, चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. शिवाय गडद झालेली लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई उलट वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करणे त्याहून वाईट. वेळ किंवा औषध डॉक्टर बदलून देऊ शकतात.

गळती गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर लागली का, हा पहिला प्रश्न असतो. मधुमेह, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बाळंतपणांनी सैल पडलेले ओटीपोटाचे स्नायू यांनीही असेच होते. गोळीची, पाण्याची आणि लघवीची वेळ ३ दिवस वहीत लिहून नेली, की डॉक्टरांना कारण लवकर सापडते.