मेसाचा मार्क की रेक्टिफायर? आधी बेसचा नॉब कुठे जोडलाय ते बघा

मेसा बूगी या अमेरिकन कंपनीचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला गिटार अँप, घ्यायचं म्हटलं की सल्ले सुरू होतात. त्यातली मार्क मालिका पातळ वाजते म्हणे, आणि ड्युअल रेक्टिफायर गढूळ. बहुतेक वेळा दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं: एका हेडची सेटिंग दुसऱ्यावर जशीच्या तशी लावलेली असते.

किरकोळ फरक आधी उरकू. स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या, म्हणजे पॉवर ट्यूब, दोन्हीकडे साधारणपणे ६एल६ जातीच्या. मार्क फाइव्ह ९० वॉटचा, ड्युअल रेक्टिफायर १०० वॉटचा; हा फरक अर्ध्या डेसिबलचाही नाही, त्यावर वाद घालणं सोडा. रेक्टिफायरमधल्या ५यू४ ट्यूबचं कौतुकही आता पुरे. ती डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, देत नाही. ती एसीचं डीसी करते आणि जोरात वाजवलं की व्होल्टेज जरा बसतं, एवढंच. मेटलसाठी स्विच सिलिकॉन डायोडवर ठेवा.

खरी गोम टोन स्टॅकच्या, म्हणजे बेस, मिड आणि ट्रेबलच्या नॉबमागच्या सर्किटच्या, जागेत आहे. रेक्टिफायरमध्ये हे नॉब गेनच्या, म्हणजे सिग्नल वाढवून फाडणाऱ्या, सगळ्या टप्प्यांनंतर येतात. मार्शलचे अँप वाजवलेल्यांना हे नवीन नाही: आवाज आधी फाटतो, मग त्याला आकार मिळतो. मार्कमध्ये उलट आहे. तिथे टोन स्टॅक पहिल्या ट्यूब टप्प्यानंतर लगेच, म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी बसतो. त्यामुळे मार्कचे नॉब आवाजाला आकार देण्याआधी काय फाटणार ते ठरवतात.

गिटारच्या सगळ्यात जाड तारेची मोकळी ई ८२ हर्ट्झची. मार्कवर बेस ६ वर नेला की हा मोठा, संथ सिग्नल पुढच्या ट्यूबची सगळी जागा खाऊन टाकतो. पाम म्यूट केला (तळहाताने तारा दाबून वाजवलं) की ठोका न येता 'भक्क' येतो, आणि लागोपाठ सोळांश (एका ठोक्यात चार स्वर) मारले तर स्वर एकमेकांत विरघळतात. मग लोक गेन कमी करतात आणि अँपला नावं ठेवतात. ट्रेबलचंही तसंच: तो वाढवला की पुढच्या टप्प्यांना जास्त सिग्नल जातो, म्हणून मार्कवर ट्रेबल हा जवळजवळ दुसरा गेनच आहे.

सुरुवातीला गेन ७, ट्रेबल ७, मिड ४ आणि बेस १ ठेवा. हो, १. बेस शून्यावर गेला तरी घाबरू नका. एवढ्यावर आवाज कोरडा आणि चिरका लागेल, पण हाताखाली घट्ट वाटेल. गेलेला बेस आता ग्राफिक इक्वलायझरने परत आणायचा, कारण तो डिस्टॉर्शननंतर बसतो. त्याचे पाच स्लायडर ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झचे. ८० वर, ७५० खाली, २२०० किंचित वर. ७५० पार तळाला नेण्याची फॅशन मला मान्य नाही. घरी भारी वाटतं, बँडमध्ये गिटार गायब होते.

रेक्टिफायरचा ढिलेपणा वेगळ्या कारणाने येतो. मॉडर्न मोडमध्ये पॉवर विभागातला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत देऊन आवाज आवरणारी जोडणी, तुटतो, त्यामुळे कॅबिनेटच्या स्पीकरवरचा ताबा सुटतो आणि खालचा आवाज फुगतो. तिथे बेसचा नॉब कमी केला तर आवाज नुसता बारीक होतो, घट्टपणा येत नाही. उपाय हेडच्या आधी: ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल, ड्राइव्ह ०, लेव्हल पूर्ण, टोन मधोमध. हा पेडल साधारण ७२० हर्ट्झखालचा भाग उतरत्या क्रमाने कमी करतो, म्हणजे मार्कमध्ये जे आतच घडतं ते बाहेरून करून देतो. मग हेडचा गेन ५ च्या आसपास पुरतो. हाच पेडल बेस १ वर असलेल्या मार्कपुढे लावणं मात्र पैसे खर्चून आवाज बिघडवणं आहे.

समोरचं हेड कुठल्या जातीचं हे कळत नसेल तर गेन भरपूर ठेवून पाम म्यूट करत बेस ० पासून १० पर्यंत फिरवा. आवाज जाड झाला तर टोन स्टॅक डिस्टॉर्शननंतर आहे. आवाजाचा चिखल झाला तर तो डिस्टॉर्शनच्या आधी आहे.

वेगवान, छाटलेलं थ्रॅश वाजवायचं असेल तर मार्क. खाली ट्यून करून रुंद, भिंतीसारखे कॉर्ड हवे असतील तर रेक्टिफायर. जुने मार्क टू आणि थ्री ग्राफिक इक्वलायझरशिवायही विकले गेले. मेटलसाठी असं हेड स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. अमेरिकेतून कुणी आणणार असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा. १२० व्होल्टचं हेड इथल्या २३० वर थेट लावायचं नाही, आणि कॅबिनेट जोडल्याशिवाय कुठलंही ट्यूब हेड वाजवायचं नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.