ट्युनिशियातील कामगार महासंघ आणि राजकीय परिवर्तन

ट्युनिशियन सर्वसाधारण कामगार महासंघ (यूजीटीटी) ही उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया देशाची सर्वांत मोठी कामगार संघटना. स्थापना 20 जानेवारी 1946. विकसनशील देशांत कामगार संघटना पगारवाढीच्या पलीकडे जाऊन राजवटी कशा हलवतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

संस्थापक फरहात हशाद आधी फ्रेंच कामगार संघटनेत काम करत. तिथे स्थानिक कामगारांना दुय्यम स्थान असल्याने ते बाहेर पडले. 1944 मध्ये त्यांनी स्फाक्समध्ये स्वतंत्र संघटना उभी केली आणि दोन वर्षांनी महासंघ. 1952 मध्ये हबीब बुर्गिबांसह स्वातंत्र्यवादी नव-दस्तूर पक्षाचे पुढारी कैदेत गेले, तेव्हा फ्रेंच राजवटीविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याची धुरा हशाद यांच्यावर आली. 5 डिसेंबर 1952 रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याचे पडसाद मोरोक्कोतही उमटले. कासाब्लांकात दंगली पेटल्या.

1956 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर महासंघ सत्ताधारी पक्षाच्या जवळ गेला आणि त्याचे नेते मंत्रीही झाले. मात्र लढ्यात मिळवलेल्या मानामुळे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या बुर्गिबांना तो पक्षाची निव्वळ शाखा करून टाकता आला नाही. 26 जानेवारी 1978 च्या सार्वत्रिक संपात लष्कर रस्त्यावर उतरले, अनेक जण मारले गेले आणि सरचिटणीस हबीब आशूर तुरुंगात गेले. हा दिवस तिथे ‘काळा गुरुवार’ म्हणून ओळखला जातो.

1987 मध्ये सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष झिन अल-अबिदिन बेन अली यांच्या काळात विरोधी पक्षांना श्वास घ्यायला जागा नव्हती. डावे, वकील, बेरोजगार पदवीधर अशा सगळ्यांना बसायला-बोलायला युनियनची कचेरीच उरली. वरची कार्यकारिणी सरकारशी जुळवून घेई, पण शिक्षक, टपाल कर्मचारी आणि आरोग्यसेवकांच्या शाखा अधिक निडर होत्या. महासंघाच्या इतिहासातले खरे बळ या शाखांत आहे, राजधानीतल्या मुख्यालयात नाही.

गाफ्साच्या फॉस्फेट खाणपट्ट्यात हे उघडपणे दिसले. जानेवारी 2008 मध्ये सरकारी खाण कंपनीच्या भरतीचा निकाल लागला आणि वशिल्याने नोकऱ्या वाटल्याचा संताप उसळला. रोष युनियनच्या प्रादेशिक पुढाऱ्यांवरही होता. रेदेयेफ गावात आंदोलन उभे करणारे अदनान हाजी हे प्राथमिक शिक्षक आणि युनियनचेच कार्यकर्ते. त्यांच्या पाठीशी राहण्याऐवजी महासंघाने त्यांनाच निलंबित केले, पुढे सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. महासंघाच्या चरित्रातला हा डाग पुसता येणार नाही.

17 डिसेंबर 2010 रोजी सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बुअझिझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले. निदर्शने गावोगाव पोचवण्यात शिक्षकांच्या शाखा आघाडीवर होत्या. खालून रेटा वाढल्यावर 11 जानेवारीला केंद्रीय नेतृत्वाने प्रादेशिक संपांना मोकळीक दिली. दुसऱ्याच दिवशी स्फाक्स बंद झाले आणि रस्ते माणसांनी भरून गेले. 14 जानेवारी 2011 रोजी राजधानी ट्युनिसमध्ये संप होता, त्याच दिवशी बेन अली देश सोडून पळाले.

2013 मध्ये शुक्री बेलाईद आणि मोहम्मद ब्राहमी या विरोधी नेत्यांच्या हत्यांनी देश पुन्हा कड्यावर आला. तेव्हा महासंघाने मालकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकील संघटनेला सोबत घेऊन सरकार आणि विरोधकांत मध्यस्थी केली. सरचिटणीस हुसेन अब्बासी यांची अट साफ होती: आधी तोडग्याच्या आराखड्यावर सही, मग चर्चा. काही पक्ष सहीला तयार नव्हते, ते बाहेर राहिले. इस्लामवादी अन-नहदाच्या नेतृत्वाखालील सरकार पायउतार झाले आणि जानेवारी 2014 मध्ये नवी राज्यघटना मंजूर झाली. मागे लाखो सभासद आणि संपाची ताकद असल्याशिवाय अशी मध्यस्थी कुणी मानली नसती. या चौकडीला 2015 चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

जुलै 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष काइस सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा महासंघाने ठाम विरोध केला नाही. ही चूक महागात पडली. 16 जून 2022 च्या सार्वजनिक क्षेत्रातील संपाने विमानसेवा ठप्प झाली, पण सईद बधले नाहीत. पुढे महासंघाने इतर संस्थांसह मांडलेला राष्ट्रीय संवादाचा नवा प्रस्तावही त्यांनी धुडकावला.