मंगोलियाच्या कॅनव्हासवरची वाकडी माणसं

आजच्या एखाद्या मंगोल चित्रकाराच्या तैलचित्रात चेहरा ओढूनताणून वाकवलेला असतो, हात अंगाला न शोभतील इतके मोठे, रंग सुरीने थापलेला. हे जर्मन अभिव्यक्तिवादाचं, म्हणजे भावनेसाठी आकार आणि रंग मोडणाऱ्या शैलीचं अनुकरण, असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. मला ते पटत नाही. ड्रेस्डेनला १९०५ साली त्या शैलीच्या चित्रकारांचा ‘डी ब्र्युके’ गट निघाला, त्याचं ऋण आहेच. पण मानवाकृती मोडावीशी वाटण्याची मंगोलियाची कारणं वेगळी आहेत.

तिथे तैलरंगाचं वय जेमतेम शंभर वर्षं. त्याआधी चित्र म्हणजे मुख्यतः थांगका, कापडावरचं बौद्ध धार्मिक चित्र. सुती कापडावर खडू आणि सरसाचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचा, मापाच्या रेषांची जाळी आखायची आणि मगच आकृती. बुद्धाचा चेहरा केवढा, बाहू किती लांब, सगळं शास्त्राने ठरवलेलं. मार्झान शारवने (१८६९–१९३९) ही शिस्त पहिल्यांदा सैल केली. त्याच्या ‘मंगोलियातला एक दिवस’मध्ये माणसांची नुसती झुंबड आहे: नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) बनवणारी, पीक कापणारी, प्रणयात रमलेली, अंत्यविधी करणारी. कितीही वेळ पाहिलं तरी डोळा एका जागी ठरत नाही.

मग कम्युनिस्ट राजवटीची १९३७ नंतरची दडपशाही. हजारो लामा मारले गेले, शेकडो मठ उद्ध्वस्त झाले आणि थांगका शिकवणारे हातच उरले नाहीत. होतकरू चित्रकार मॉस्कोच्या सुरिकोव्ह कलासंस्थेत जाऊ लागले. शरीराचं माप पुन्हा दुसऱ्यानेच ठरवलं: तगडा कामगार, हसरा पशुपालक. उर्जिंगीन यादामसुरेनने १९५८ साली मोरीन खूर हे मंगोल तंतुवाद्य वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र काढून सपाट रंग आणि ठाम रेषा परत आणली, पण ती मंगोल झुराग या परंपरेवर आधारलेल्या, तैलरंगाबाहेरच्या शैलीत. तैलचित्रावर सोविएत वळण कायमच होतं.

१९९० साली लोकशाही आली आणि त्याच वर्षी योंदोनजुनाई दालख-ओचिर यांनी ‘हिरवा घोडा’ हा गट काढला. सरकारी कामं आटली, तशी काय काढायचं याची फर्मानंही थांबली. रशियन पद्धतीचं शरीररचनेचं कसून शिक्षण मात्र टिकलं. म्हणूनच चांगल्या चित्रात वाकडा खांदा कच्च्या हाताचा वाटत नाही. रंगाच्या थराखाली हाडं जागच्या जागी सापडतात. आणि काही चित्रांत आकृतीला वेढणारी सलग, गडद रेषा दिसते, तिचं मूळ मला थांगकातच दिसतं.