रेनेसान्स जत्रा

युरोपातील प्रबोधनकालाचा, त्यातही बहुधा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडचा (कार. १५५८–१६०३) देखावा उभारून माळावर किंवा झाडीत भरवली जाणारी, कला-कारागिरीची हंगामी जत्रा. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. कारागिरांची दुकाने, उघड्यावरचे रंगमंच, घोडेस्वारांच्या भाल्याच्या लढती आणि राणीची मिरवणूक हे तिचे ठरलेले घटक. एलिझाबेथच्या त्या काळात आपल्याकडे उत्तरेत अकबराचे (कार. १५५६–१६०५) राज्य होते.

पहिली जत्रा ११ व १२ मे १९६३ रोजी लॉस अँजेलिसच्या नॉर्थ हॉलिवुड भागात भरली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या मुळाबद्दल. एका मतानुसार फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने लॉरेल कॅन्यनमधील आपल्या घराच्या अंगणात मुलांसाठी चालवलेला नाट्यवर्ग हे तिचे बीज होय. कॉमेडिया देल आर्ते या इटालियन मुखवटानाट्याचे प्रयोग तेथे होत आणि ते सादर करायला जत्रेसारखी मोकळी जागा हवी, असे तिला व तिचा पती रॉन यांना वाटू लागले. दुसऱ्या मतात भर आहे तो केपीएफके या नभोवाणी केंद्रावर. जाहिराती न घेता श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे हे केंद्र पॅसिफिका या संस्थेचे. संस्थेत कम्युनिस्टांचा शिरकाव झाला आहे काय, याची चौकशी सिनेटच्या उपसमितीने जानेवारी १९६३ मध्ये केली होती. मे महिन्यातील जत्रा याच केंद्राच्या निधीसाठी भरवली गेली. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवुडच्या काळ्या यादीत नाव जाऊन काम गमावलेली काही मंडळीही सुरुवातीच्या जत्रांत राबली. त्यामुळे साठच्या दशकातील बंडखोर संस्कृतीचे हे एक आरंभस्थान होते, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. ही दोन मते परस्परविरोधी नाहीत: कल्पना अंगणातली, निमित्त केंद्राचे.

तिसरे मत जत्रेचा वंश एकोणिसाव्या शतकातील मध्ययुगप्रेमापर्यंत नेते. स्कॉटलंडमध्ये १८३९ साली एग्लिंटनच्या अर्लने सरदारी थाटाची भाला-स्पर्धा भरवली. मुसळधार पावसाने तिचा विचका केला आणि चिलखतवाल्यांनी छत्र्या उघडल्याची चेष्टा पुढे कित्येक वर्षे चालली. वृत्ती तीच असली, तरी या दोहोंना जोडणारा थेट धागा दाखवता येत नाही. शिवाय एग्लिंटनचा सोहळा उमरावांचा होता, कॅलिफोर्नियाची जत्रा वर्गणीदारांची. ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ (बर्कली, १९६६) हा मध्ययुगीन जीवनाची नक्कल करणाऱ्या हौशी सभासदांचा संघ. जत्रेचे मूळ तेथे शोधण्याचे कारण नाही, कारण तो जत्रेनंतरचा.

१९६० च्या दशकाच्या मध्यानंतर जत्रा लॉस अँजेलिसजवळच्या अगोरा येथील पॅरामाउंट रँच या चित्रीकरणाच्या जागेत गेली आणि १९८९ पर्यंत तेथे भरत राहिली. पुढे ती अर्विंडेलला गेली. उत्तर कॅलिफोर्नियात नोव्हॅटोजवळच्या ओकच्या रानात तिची दुसरी शाखा वाढली. मिनेसोटा (१९७१), टेक्सस (१९७४) व मेरीलँड (१९७७) येथील जत्रा स्वतंत्र मालकीच्या. पेन व टेलर ही जादूगार जोडी १९७५ साली मिनेसोटाच्या जत्रेत प्रथम एकत्र रंगमंचावर आली.

जत्रा बहुधा शनिवार-रविवारीच भरते, आणि असे सहा-आठ आठवडे चालते. प्रेक्षकाला वेशभूषेची सक्ती नसते, तरी फाटकाजवळच झगे-कोट भाड्याने मिळतात. कमरेला तलवार लावून आलेल्याची मूठ म्यानाला बांधूनच त्याला आत सोडतात. बांधायला असते ती प्लास्टिकची पट्टी, आणि सोळाव्या शतकाच्या नाटकातली पहिली विसंगती प्रेक्षक फाटकातच अंगावर घेतो. आतल्या बऱ्याच खेळांना वेगळे तिकीट नसते. खेळ संपताना कलावंत टोपी फिरवतो आणि त्याची कमाई त्या टोपीवर ठरते. जत्रा संपली की कारागीर व कलावंत पुढच्या राज्यातील जत्रा गाठतात. तमाशाचे फड गावोगावच्या यात्रांवर हंगाम काढतात, तसाच हा प्रकार.

ऐतिहासिक खरेपणाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. राणीच्या मिरवणुकीला भक्कम आधार आहे: एलिझाबेथ उन्हाळ्यात लवाजम्यासह राज्यात फिरे आणि १५७५ साली केनिलवर्थच्या किल्ल्यात तिचा मर्जीतला उमराव रॉबर्ट डडली याने तिच्यासाठी सुमारे एकोणीस दिवस केलेले मनोरंजन प्रसिद्ध आहे. भाल्याच्या लढतीही तिच्या दरबारी होत. तिच्या राज्यारोहणाच्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, त्या ठेवल्या जात. हा खेळ निरुपद्रवी नव्हता. फ्रान्सचा दुसरा हेन्री १५५९ मध्ये भाल्याची चिरफाळी डोळ्यात घुसून मेला. जत्रांतील बऱ्याच लढती मात्र नाटकी असतात: भाल्याचे टोक हलक्या लाकडाचे असते आणि ते ठरल्याप्रमाणे मोडते. खाण्यात हातात धरून चावण्याची टर्कीची भाजलेली तंगडी जत्रेची खूण बनली आहे. टर्की हा मुळात अमेरिकेतील पक्षी. तो सोळाव्या शतकात इंग्लंडला पोहोचला खरा, पण ही तंगडी विसाव्या शतकाचीच म्हणावी लागेल. अलीकडे चाचे, व्हायकिंग आणि पंखवाल्या पऱ्याही सर्रास दिसतात. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाराज होतात. प्रेक्षकांना फरक पडत नाही.

कारागिरी हा जत्रेचा मूळ व टिकाऊ भाग. माल हाताने केलेला असावा आणि तो घडताना प्रेक्षकाला दिसावा, हा सुरुवातीपासूनचा दंडक. लोहार, काच फुंकणारे, चामड्याचे पेले शिवणारे, पायाने चाक फिरवणारे कुंभार अशांनी येथे उघड्यावर काम केले. अमेरिकेत हस्तव्यवसायाची जी लाट त्या दशकात आली, तिला जत्रेने हक्काची बाजारपेठ दिली. हे श्रेय करमणुकीच्या झगमगाटात कमी नोंदले गेले आहे. मेणबत्तीचे काम मुलांना करून पाहता येते. वात वितळलेल्या मेणात बुडवायची, बाहेर काढून थंड होऊ द्यायची, मग पुन्हा बुडवायची. प्रत्येक वेळी जेमतेम एक पातळ थर चढतो, आणि घाई करून वात मेणात जास्त वेळ धरली तर आधीचा थरही वितळून जातो. मालकी कंपन्यांकडे गेलेल्या जत्रांत तयार आणलेला मालही विकला जातो, अशी जुन्या कारागिरांची तक्रार असते.

युरोपात या धर्तीचे उत्सव आहेत, पण ते बहुधा त्या त्या गावच्या प्रत्यक्ष घटनेवर बेतलेले. बव्हेरियातील लँडशटमध्ये १४७५ सालचा राजपुत्र जॉर्ज व पोलंडची राजकन्या हेडविग यांचा विवाह १९०३ पासून पुन्हा साकारला जातो. स्वीडनच्या व्हिस्बी शहरातील मध्ययुग-सप्ताह १९८४ पासूनचा. डेन्मार्कच्या वाल्डेमार राजाने १३६१ मध्ये गॉटलंड बेटावर केलेली स्वारी हा त्याचा विषय. तेथे देखावा उभारावा लागत नाही. शहराची तटबंदी अजून जागेवर आहे.