‘अख्ख्या अंकात काहीच घडलं नाही’ ही तक्रार आली कुठून?

बुधवारी अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचे नवे अंक येतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत कुणीतरी लिहितंच की वीस पानं वाचली, हाती काहीच लागलं नाही. मीही असं बऱ्याचदा लिहिलंय. पण ही तक्रार समजून घ्यायची तर बरंच मागे जावं लागतं.

1938 मध्ये अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला तेव्हा त्याची गोष्ट होती जेमतेम 13 पानांची, बाकी अंकात दुसऱ्याच लोकांच्या गोष्टी. वाचणारी लहान मुलं, पुढचा अंक त्यांना मिळेल न मिळेल, म्हणून जे काय सांगायचं ते इथंच संपवायचं असा हिशोब. स्पायडरमॅनचंच बघा ना. 1962 मध्ये कोळी चावला, शक्ती आली, गर्व झाला, काका गेले, पश्चात्ताप झाला, सगळं 11 पानांत! आणि तरी आजही ती वाचताना घशात आवंढा येतो.

त्याच काळात वाचकांच्या मताला वजन यायला लागलं. सुपरमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रांखाली वाचकांचे पूर्ण पत्ते छापायचे, त्यामुळे वाचक एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले आणि फॅन्डम, म्हणजे चाहत्यांचा गोतावळा, उभं राहिलं ते बरंचसं त्यातून. स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हलनं फँटॅस्टिक फोर या चार सुपरहिरोंच्या मालिकेत तिसऱ्या अंकापासून पत्रांचं पान सुरू केलं. माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र अंक 11 मधला आहे, 1963 चा. टीममधले चौघं आलेली पत्रं वाचत बसलेत आणि त्यांच्यातली अदृश्य होऊ शकणारी सू रडतेय, कारण वाचक म्हणतायत की ही टीममध्ये काही कामाची नाही. मग टीमचा प्रमुख रीड थेट वाचकाकडे बघून तिची बाजू मांडतो, अब्राहम लिंकनच्या आईचं उदाहरण देतो. आज वाचताना ते समर्थन फार तोकडं वाटतं. पण अंक 22 मध्ये सूला अदृश्य फोर्स फील्ड, म्हणजे न दिसणारी ढाल उभी करण्याची ताकद, मिळाली आणि हळूहळू ती टीममधली सगळ्यात ताकदवान मेंबर ठरत गेली. वाचकांची कुरकुर थेट कथेच्या पानावर आली होती, हे मला फार मोठं वाटतं.

1988 मध्ये तर डीसीनं बॅटमॅनच्या साथीदाराचा, दुसऱ्या रॉबिनचा, म्हणजे जेसन टॉडचा जीव वाचकांच्या फोनवरच्या मतांवर सोडला, एका कॉलला 50 सेंट. मरू दे म्हणणारे 5,343, जगू दे म्हणणारे 5,271. फक्त 72 मतांचा फरक. जगण्याची पानंही आधीच काढून ठेवलेली होती, ती अंकाच्या रूपात आली थेट 2023 मध्ये.

मग अंक ‘रिकामे’ कधीपासून वाटायला लागले? माझ्या मते मोठं वळण 2000 च्या आसपासचं. तोवर सुट्या अंकांचे ट्रेड, म्हणजे एकत्र बांधलेले खंड, चांगले खपायला लागले होते आणि लेखक पाच-सहा अंकांचा आर्क, म्हणजे सलग चालणारी एक गोष्ट, डोळ्यापुढे ठेवून लिहायला लागले. लेखक बेन्डिस आणि चित्रकार बॅग्लीच्या अल्टिमेट स्पायडरमॅननं तीच 11 पानांची ओरिजिन, म्हणजे तो स्पायडरमॅन कसा झाला ती गोष्ट, पहिल्या 7 अंकांच्या आर्कमध्ये पसरली. त्यामुळे काका-काकूंशी आपली खरंच ओळख होते, पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, गप्प बसलाय त्या चौकटीवर थांबता येतं, मला ते अजून आवडतं. पण महिन्याला एक अंक घेणाऱ्याच्या हातात त्या गोष्टीचा सातवा हिस्साच येतो आणि मग तो म्हणतो काहीच घडलं नाही, त्यात त्याची चूक नाही. हीच पद्धत पुढे कमी ताकदीच्या लेखकांनी उचलली तेव्हा मात्र नुसतं पाणी घालणं झालं.

तरी ‘ट्रेड येईल तेव्हा वाचा’ हा सल्ला मला पटत नाही, आणि त्याचं कारण दुकानांच्या व्यवहारात आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत फिल सूलिंग या कॉमिक्स विक्रेत्यानं डायरेक्ट मार्केटची वाट काढली, म्हणजे कॉमिक्सच्या दुकानाला डिस्काउंट जास्त पण उरलेले अंक परत करता येणार नाहीत. पेपर स्टॉलवरचे परत जायचे. त्यामुळे दुकानदार आजही जपून ऑर्डर देतो आणि पक्का आकडा अंक यायच्या काही आठवडे आधी कळवतो. ऑक्टोबर 2024 मध्ये अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन ही नवी मालिका आली, तिच्यातला बॅटमॅन म्हणजे श्रीमंती नसलेला, आई जिवंत असलेला ब्रूस वेन, आणि पहिल्या अंकावर लोक किती भरभरून बोलले! पुढच्या अंकांची ऑर्डर लिहिताना दुकानदाराच्या कानावर तेच बोलणं असतं. म्हणून अंक 2 बद्दल आज जे लिहाल ते अंक 4 च्या आकड्यात उतरू शकतं, ट्रेडची वाट बघत गप्प बसलेल्या वाचकाचं मत तिथं पोचतच नाही.