अनुराधेतली लाल रेषा

ज्येष्ठेच्या तांबूस ताऱ्यापासून नजर थोडी पश्चिमेला नेली की तीन ताऱ्यांची ओळ दिसते. हे अनुराधा नक्षत्र. त्यातला मधला तारा म्हणजे वृश्चिक राशीतला डेल्टा स्कॉर्पी. २.३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा तेजस्वी) म्हणून नोंदलेला हा तारा २००० सालच्या मध्यावर उजळू लागल्याचं अर्जेंटिनातल्या सेबास्टियन ओटेरो या हौशी निरीक्षकाच्या लक्षात आलं. तेही नुसत्या डोळ्यांनी, शेजारच्या ताऱ्यांशी तेज ताडून पाहताना! त्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून मिळणारा पट्टा, घेतला तेव्हा ६५६.३ नॅनोमीटरला, म्हणजे लाल भागात, हायड्रोजनची उजळ रेषा दिसली.

एरवी अशा निळ्या, तप्त ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा काळ्या असतात, कारण ताऱ्याच्या वातावरणातला वरचा थर तेवढा प्रकाश गिळतो. रेषा उजळ असेल तर ताऱ्याच्या बाहेर विरळ, तापलेला वायू आहे असं समजायचं. डेल्टा स्कॉर्पीसारखे तारे स्वतःभोवती विलक्षण वेगाने फिरतात आणि त्यांच्या विषुववृत्तातून सुटलेल्या वायूची चकती भोवती जमते. ताऱ्याचे अतिनील किरण त्या वायूतले इलेक्ट्रॉन सुटे करतात. ते पुन्हा अणूत येऊन पायरी पायरीने खाली उतरताना हा लाल प्रकाश बाहेर पडतो. या ताऱ्यांना ‘बी-ई तारे’ म्हणतात. त्यांतला पहिला सापडला तो शर्मिष्ठेतला मधला तारा, गॅमा. १८६६ साली अँजेलो सेक्की यांनी रोममधून त्याची उजळ रेषा पाहिली होती.

ही रेषा आज घराच्या गच्चीवरून टिपता येते. मिलिमीटरला १०० रेघा असलेली, प्रकाश रंगांत पसरवणारी विवर्तन जाळी सव्वा इंची फिल्टरच्या चौकटीत बसवलेली मिळते. ती कॅमेऱ्यापुढे लावली की चित्रात ताऱ्याचा ठिपका आणि बाजूला त्याचा वर्णपट उमटतो. आधी अभिजितचा वर्णपट घ्यावा. त्यातल्या ४८६.१ आणि ६५६.३ नॅनोमीटरच्या काळ्या रेषा ठळक असतात. त्यांवरून चित्रातला एक पिक्सेल म्हणजे किती नॅनोमीटर, हे ठरतं. मग त्याच जुळणीने गॅमा शर्मिष्ठा टिपावा. वर्णपटाच्या तेजाचा आलेख काढला की अभिजितच्या आलेखात काळ्या रेषेमुळे जिथे खड्डा होता, तिथेच इथे उंचवटा उभा राहतो. तो पहिल्यांदा स्वतःच्या चित्रात दिसतो तेव्हाचा आनंद वर्णन करून कळणारा नाही.

खरी कसोटी अनोळखी ताऱ्यांची. आकाश-सर्वेक्षणांनी उत्सर्जन-रेषा, म्हणजे अशा उजळ रेषा, असाव्यात अशा ताऱ्यांच्या लांबलचक याद्या केल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी ताऱ्यांचा नीट वर्णपट झालेला नाही. इथे घाई नडते. एकाच ताऱ्याचा प्रकाश आत घेणारी अरुंद फट नसलेल्या जाळीत शेजारच्या एखाद्या मंद ताऱ्याचा ठिपका नेमका वर्णपटावर पडला, तर तो हुबेहूब उजळ रेषेसारखा दिसतो. अशा वेळी जाळी थोडी फिरवून पुन्हा चित्र घ्यावं. रेषा जागेवरून हलली, तर ती ताऱ्याची नव्हेच. थंड, लाल ताऱ्यांत टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद काळे पट्टे असतात. दोन पट्ट्यांमधला सुटलेला भाग उंच दिसतो आणि नवख्याला तो रेषा वाटतो.

रेषा खरी ठरली तरी तारा ओळखला गेला असं होत नाही. तिच्या सोबतीला कोण आहे ते पाहावं लागतं. निळ्या ताऱ्यात फक्त हायड्रोजन उजळ असेल, तर तो बहुधा बी-ई. हेलियम आणि कार्बन किंवा नायट्रोजन यांच्या रुंद, फुगीर रेषा असतील, तर वुल्फ-रायट, म्हणजे आपले बाहेरचे थर उडवून देणारा अतितप्त तारा. टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे आणि ४६८.६ नॅनोमीटरला आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमची उजळ रेषा एकाच वर्णपटात दिसली, तर तिथे लाल राक्षसी तारा आणि त्याच्याकडचा वायू ओढणारा छोटा तप्त जोडीदार, असा सहजीवी ताऱ्यांचा संसार आहे. मला स्वतःला हा प्रकार सर्वांत मोहक वाटतो.

साध्या जाळीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. तिची विभेदनक्षमता शंभराच्या आसपास, म्हणजे लाल भागात साधारण साडेसहा नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील दिसत नाही. चकतीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. त्यामुळे रेषेला दोन शिखरं पडतात. पण त्यांच्यातला वेगाचा फरक सेकंदाला २०० किलोमीटर असला, तरी शिखरांमधलं अंतर जेमतेम ०.४४ नॅनोमीटर भरतं. त्यासाठी फट असलेला, कित्येक पट सूक्ष्म वर्णपटमापक हवा. तसे मापक घरी बांधणारे हौशीही आहेत, आणि पॅरिस वेधशाळेच्या ‘बेस’ या बी-ई ताऱ्यांच्या संग्रहात हौशींच्या वर्णपटांचा मोठा वाटा आहे.

संग्रहाकडे पाठवताना तारीख आणि वेळ अचूक लिहावी, आणि रेषा दिसली नाही तर तोही वर्णपट पाठवावा. सेक्कींच्या त्या गॅमा शर्मिष्ठेची उजळ रेषा १९४०च्या सुमारास मावळली होती आणि काही वर्षांनी परत आली. मधल्या काळात ज्याने तो तारा पाहिला, त्याला तो साधा निळा तारा दिसला असेल. चकती विरून पुन्हा कशी जमली, हे त्या रिकाम्या नोंदींतूनच कळतं.