विषाणू विमानाने आला, लस अंड्यातून

१५ आणि १७ एप्रिल २००९. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांत फ्लूचा एक अनोळखी विषाणू सापडला, पुढे ‘स्वाइन फ्लू’ म्हणून गाजलेला एच१एन१. मुलांचा एकमेकांशी संबंध नव्हता आणि डुकरांशीही संपर्क आलेला नव्हता. म्हणजे विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता, आणि तेही आधीपासून. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. अमेरिकेत लसीचे पहिले डोस दिले गेले ५ ऑक्टोबरला. तोवर शाळा उघडून महिना उलटला होता, दुसरी लाट चढत होती आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ती शिखरावर पोचली. लस घेतल्यावर पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून रोखणारी प्रथिनं, तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेही या हिशेबात धरायला हवेत.

साडेपाच महिने लागले म्हणून तेव्हा सरकारांना आणि कंपन्यांना भरपूर बोलणी बसली. खरं तर लसनिर्मितीच्या इतिहासात हा वेग चांगला होता. अडचण अशी की फ्लूचा वेग त्याहून चांगला असतो. २००९च्या विषाणूचा एक रुग्ण सरासरी दीड जणांना लागण करत होता आणि एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत जेमतेम तीन दिवस जात होते. या दोन आकड्यांवरून रुग्णसंख्या दुप्पट व्हायला सुमारे पाच दिवस लागतात. महिन्याभरात सहा दुपटी, म्हणजे ६४ पट. प्रत्यक्षात शाळांच्या सुट्या, ऋतू आणि आधीच बाधित होऊन गेलेली माणसं यामुळे वाढ इतकी सरळ जात नाही. तरीही कारखान्यातला एक आठवडा आणि साथीतला एक आठवडा सारखे नसतात, एवढं यातून कळतं.

मग हे महिने जातात कुठे?

लसीसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. पहिला टप्पा बियाण्याचा, म्हणजे अंड्यांत पेरायच्या मूळ विषाणूचा. रुग्णाच्या नाकातून मिळालेला विषाणू तसाच अंड्यात टाकला तर तो नीट वाढत नाही, कारण त्याला माणसाच्या श्वसनमार्गाची सवय असते. म्हणून १९३४ साली पोर्तो रिकोत सापडलेला, प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवलेला ‘पीआर८’ नावाचा जुना विषाणू मदतीला घेतात. अंड्यात तो भरघोस वाढतो. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांवर असतात. दोन्ही विषाणू एकाच अंड्यात सोडले की तुकड्यांची सरमिसळ होते आणि कागदावर २५६ प्रकारच्या जोड्या शक्य होतात. आपल्याला हवी ती जोडी म्हणजे बाहेरच्या आवरणावरची हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज ही दोन प्रथिनं नव्या विषाणूची, आणि आतला माल शक्य तेवढा पीआर८चा. पीआर८च्या आवरणाला ओळखणारी प्रतिपिंडे मिश्रणात घातली की नको असलेले विषाणू बाद होतात. उरलेल्यांतून पुन्हा पुन्हा निवड करायची. (याच सरमिसळीतून निसर्गात नव्या महासाथी जन्माला येतात. २००९चा विषाणूही डुकरांत फिरणाऱ्या वेगवेगळ्या घराण्यांच्या तुकड्यांतून जुळून आला होता.)

न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेने असं बियाणं तयार केलं. त्याचं नाव ‘एक्स-१७९ए’. मेअखेरीपासून ते कारखान्यांकडे जाऊ लागलं आणि तिथेच पहिली माशी शिंकली. नेहमीच्या हंगामी फ्लूच्या बियाण्याच्या तुलनेत याचं उत्पन्न निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघालं. अमेरिकेत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १२ कोटी डोस मिळतील असा सुरुवातीचा अंदाज होता. महिनाअखेरीसही ३ कोटी हातात नव्हते. यात कोणी कामचुकारपणा केलेला नव्हता. विषाणू अंड्यात किती पिकेल हे पिकवून पाहिल्याखेरीज कळत नाही.

आता प्रत्यक्ष अंड्याकडे येऊ. ही अंडी फलित हवीत आणि उबवून दहा-अकरा दिवस झालेली हवीत. कोंबड्यांचे कळप त्यासाठी काही महिने आधीपासून ठरवून ठेवावे लागतात, ऐन वेळी बाजारातून अंडी आणून भागत नाही. अंडं दिव्यासमोर धरून आतला भ्रूण जिवंत आहे की नाही ते पाहतात. कवच निर्जंतुक करून बारीक भोक पाडतात आणि भ्रूणाभोवतीच्या द्रवाच्या पिशवीत विषाणूचा अगदी थोडा, मिलिलीटरच्या एक-दोन दशांशाइतका द्राव सोडतात. मग ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस ठेवतात. हे तापमान उबवणीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण माणसाचं नाकही शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंडच असतं.

त्यानंतरची पायरी वरवर किरकोळ वाटते: अंडी चार अंशांवर रात्रभर गार करायची. त्याने भ्रूण मरतो आणि रक्तवाहिन्या आक्रसतात. ही पायरी घाईत उरकली आणि द्रव काढताना रक्त मिसळलं, तर विषाणू तांबड्या पेशींना चिकटून बसतो. हिमॅग्लुटिनिन या नावाचा अर्थच मुळी रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रथिन असा आहे. म्हणजे जे प्रथिन मिळवायला एवढा खटाटोप केला, तेच गाळासोबत फेकलं जातं. सगळं नीट झालं तर एका अंड्यातून दहाएक मिलिलीटर द्रव मिळतो. तो गाळून, साखरेच्या द्रावणाच्या थरांतून वेगाने फिरवून विषाणू वेगळा करतात, फॉर्माल्डिहाइडने किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय करतात आणि बहुतेक लसींत डिटर्जंटने त्याचे तुकडे करतात. एका डोसात हिमॅग्लुटिनिन लागतं १५ मायक्रोग्रॅम. ढोबळ हिशेब पूर्वीपासून असा चालत आला आहे की एका अंड्यातून एका प्रकारच्या विषाणूचा एक डोस. उत्पन्न निम्मं झालं तर अंडी दुप्पट लागतात.

आणि मग मेंढ्या. हा भाग बातम्यांत कधीच येत नाही, पण वेळापत्रकात तो मोठा असतो. कुपीत भरलेल्या द्रवात खरोखर १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन आहे हे मोजायचं कसं? त्यासाठी नेमक्या त्याच प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे लागतात. नव्या विषाणूचं प्रथिन शुद्ध करून मेंढ्यांना टोचायचं, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे चढायची वाट पाहायची, मग ती जेलीसारख्या थरात मिसळून त्यावर लसीचा थेंब टाकायचा. थेंबाभोवती जे कडं उमटतं त्याच्या व्यासावरून प्रमाण ठरतं. मेंढीच्या प्रतिकारशक्तीला महासाथीची घाई नसते. ही मोजपट्टी हाती येईपर्यंत कित्येक आठवडे जातात. तोवर कारखान्यात माल तयार असला तरी त्याचे डोस भरता येत नाहीत, कारण एका लिटरात किती डोस आहेत हेच माहीत नसतं.

पेशींमध्ये वाढवलेली लस अंड्यांवरचं अवलंबित्व टाळते. पण बियाणं आणि मोजपट्टी तिलाही लागतेच.

२००९मध्ये एक गोष्ट मात्र अपेक्षेपेक्षा खूप बरी निघाली. एच५एन१ या बर्ड फ्लूच्या लसीचा अनुभव वाईट होता. ९० मायक्रोग्रॅमचे दोन-दोन डोस देऊनही प्रतिसाद बेताचाच येत होता. त्यामुळे नव्या लसीचेही दोन डोस लागतील असं तज्ज्ञ धरून चालले होते. सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या २४० प्रौढांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि १५ मायक्रोग्रॅमचा एकच डोस बहुतेकांना पुरेसा ठरला. एका निष्कर्षाने प्रौढांसाठीचा साठा दुप्पट केला. लहान मुलांना मात्र दोन डोसच लागले. त्यांच्या शरीराने याआधी फ्लू फारसा पाहिलेलाच नसतो.

तोवर दूरदर्शन वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांत विद्यापीठांतले तज्ज्ञ रोज बोलत होते आणि लोक वैतागत होते: एप्रिलमध्ये म्हणाले भयंकर आहे, जूनमध्ये म्हणतात सौम्य आहे. यात शब्द फिरवण्यापेक्षा भागाकाराचा वाटा मोठा होता. मृत्यूदर काढायला वर मृत्यू आणि खाली एकूण बाधित हवेत. साथीच्या सुरुवातीला रुग्णालयात पोचलेलेच मोजले जातात. घरी दोन दिवस झोपून बरे झालेले हजारो जण हिशेबात नसतात. मेक्सिकोतले पहिले आकडे म्हणूनच इतके भीतिदायक दिसले. छेद मोठा होत गेला तसा दर उतरत गेला. ‘महासाथ’ हा शब्दही गैरसमजाला कारण झाला. नवा विषाणू जगभर पसरला आहे, इतकंच तो सांगतो. किती जीव घेईल, याबद्दल त्यात काही नाही.

‘सौम्य’ हाही अर्धवट शब्दच होता. प्रयोगशाळेत खात्री झालेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या घरात होते. नंतर केलेल्या अंदाजानुसार पहिल्या वर्षात जगभरात सुमारे १,५१,७०० ते ५,७५,४०० माणसं दगावली आणि त्यांतली ८० टक्के ६५ वर्षांखालची होती. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना नेतो, याने तरुणांना गाठलं. साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे आधीपासून होती, लहानपणी गाठ पडलेल्या जुन्या एच१एन१ घराण्याची आठवण म्हणून. अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवतींचं प्रमाण १ टक्का, पण या फ्लूच्या मृत्यूंत सुमारे ५ टक्के. लसीच्या रांगेत गर्भवती, तान्ह्या बाळांच्या घरातली माणसं, आरोग्य कर्मचारी आणि तरुण मुलं पुढे आणि आजी-आजोबा मागे, हा क्रम अनेकांना उफराटा वाटला. त्यामागे हे कारण होतं.

लसीच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना मात्र जाणकार जपून बोलत होते, कारण त्यांना १९७६ आठवत होतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला. सरकारने सगळ्या देशाला लस देण्याचा निर्णय घेतला आणि चार कोटींहून अधिक लोकांना ती दिलीही. साथ तळाबाहेर गेलीच नाही. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गमध्ये एकाच केंद्रावर लस घेतलेले तीन वृद्ध लागोपाठ दगावले आणि काही ठिकाणी मोहीम थांबली. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही. डिसेंबरमध्ये गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढलेले दिसले. लाखामागे साधारण एक जास्तीचा रुग्ण. हा संबंध मात्र खरा होता आणि मोहीम बंद झाली. लस तयार ठेवणं आणि ती टोचायला सुरुवात करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते एकाच बैठकीत घेऊ नयेत, हा धडा त्यातून पुढे आला. २००९च्या लसीनंतर जीबीएसचं जास्तीचं प्रमाण दहा लाखांमागे एक ते तीन इतकं आढळलं.

म्हणूनच २००९मध्ये एक उपयोगी आकडेमोड प्रसिद्ध झाली: लस दिलीच नाही असं धरलं तरी काय काय होणारच आहे? ब्रिटनमध्ये एक कोटी लोक घेतले तर कुठल्याही सहा आठवड्यांत त्यांच्यापैकी सरासरी २१.५ जणांना जीबीएस होईल आणि ५.७५ जणांना अचानक मृत्यू येईल. दहा लाख गर्भवतींना एका दिवशी लस दिली तर पुढच्या चोवीस तासांत ३९७ जणींचा गर्भपात होईल, आणि लस न देताही तेवढाच झाला असता. ‘लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी…’ अशी बातमी आली की विचारायचं ते हेच, की एरवीच्या दिवसात असं किती जणांना होतं.

हा हिशेब दोन्हीकडे चालतो. ऑगस्ट २०१०मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा आजार, अपेक्षेपेक्षा जास्त होताना दिसला. ‘पँडेमरिक्स’ या लसीशी त्याचा संबंध लागला. ब्रिटनमधल्या अभ्यासात मुलांमध्ये हे प्रमाण साधारण ५२,००० ते ५७,५०० डोसांमागे एक असं निघालं. नेहमीचं प्रमाण आधी माहीत होतं म्हणूनच ही वाढ पकडता आली. त्या लसीत एएस०३ हे शरीराचा प्रतिसाद वाढवणारं तेलकट सहायक द्रव्य होतं. त्यामुळे १५ऐवजी ३.७५ मायक्रोग्रॅम प्रथिनात काम भागत होतं, म्हणजे त्याच अंड्यांतून चौपट डोस. संशय फक्त या द्रव्यावर राहिला नाही, लसीतल्या विषाणू-प्रथिनांकडे आणि रुग्णांच्या एका ठरावीक जनुकीय प्रकाराकडेही तो वळला.

याच लसीत टोचणाऱ्याच्या टेबलावर होऊ शकणारी एक चूक लपलेली होती. ती दोन कुप्यांत यायची, एकीत प्रथिन आणि दुसरीत इमल्शन, म्हणजे तेच तेलकट सहायक द्रव्य. दोन्ही खोलीच्या तापमानाला आणून, एकत्र करून, हलवून दहा डोस तयार करायचे आणि २४ तासांत संपवायचे. नुसतं इमल्शन पांढरट आणि मिश्रणही पांढरटच. मिसळल्याची वेळ कुपीवर लिहिली नसेल, तर गर्दीच्या केंद्रावर मिसळलेली कुपी कोणती हे डोळ्यांनी ओळखणं अवघड. बाकीच्या चुका जुन्याच. लस २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठलेली कुपी फेकायची, वितळून वापरायची नाही. सुई दंडाच्या जाड स्नायूत जायला हवी. खांद्याच्या फार वर टोचली तर सांध्याची दुखणी महिनोन्महिने पुरतात.

लाट ओसरल्यावर लस मुबलक झाली आणि घेणारे उरले नाहीत. कोट्यवधी डोस मुदत संपून नष्ट करावे लागले. १० ऑगस्ट २०१०ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं. विषाणू मात्र कुठेही गेला नाही, तो हंगामी फ्लू होऊन आपल्यातच राहिला. २००९साठी निवडलेला ए/कॅलिफोर्निया/७/२००९ हा नमुना उत्तर गोलार्धाच्या हंगामी लसीत २०१६-१७पर्यंत होता. २०१७-१८च्या लसीत त्याच्या जागी ए/मिशिगन/४५/२०१५ आला.